घर बघायला आलेली माणसं

शुक्रवार, ३१ जानेवारी २०२५

लिलावाची जाहिरात आज छापून आली. सकाळी सव्वासहाला पुतण्याचा, मल्लेशचा, फोन आला, "काका, पेपर बघितलासा?" पेपर अजून पायरीवरच होता. पान सात, खाली उजव्या कोपऱ्यात. बँक उघडल्यावर वसुली विभागातल्या सम्राट देसाईंना विचारलं. ते म्हणाले, "होय, तुमचंच आहे." लिलाव ६ मार्चला, ऑनलाइन. ज्यांना घर बघायचं असेल त्यांनी २० आणि २१ फेब्रुवारीला यावं.

जाहिरातीत घराचं वर्णन चार ओळींत आहे. दोन मजली आरसीसी बांधकाम, पूर्वेस कॉलनीचा रस्ता, पश्चिमेस जोतीराम सावंत यांची मिळकत. वर्णन बरोबर आहे, पण वाचून घर डोळ्यांसमोर येत नाही. कर्जदार म्हणून कंपनीचं नाव आणि जामीनदार म्हणून माझं आणि बायकोचं, शिवगंगाचं. तिचं नाव पेपरात यायची ही पहिलीच वेळ. सकाळी तिला फोन करून हे सांगावं की नाही, यात दुपार झाली. मग तिचाच फोन आला, "जावईबापूंनी दाखवलं."

शिरोलीची आमची फौंड्री गेल्या वर्षी बंद पडली. ट्रक कंपनी ऑर्डर दुप्पट करते म्हणाली म्हणून नवी भट्टी घेतली, आणि भट्टी आली त्याच महिन्यात ऑर्डर निम्म्यावर आली. भट्टीसाठी घर तारण होतं. कागदांवर आम्ही दोघांनी एकाच पेनने सह्या केल्या होत्या.

डिसेंबरात बँकेने कंपाउंडच्या भिंतीवर लाल अक्षरांत जप्तीची पाटी रंगवली, तेव्हापासून शिवगंगा निपाणीला मुलीकडे, शिवांजलीकडे, आहे. बँकेच्या पेंटरकडे शिडी नव्हती, ती मी दिली. त्याच्या अक्षरांची ओळ उजवीकडे उतरत होती, म्हणून शिडी धरून खालून सांगितलं, "थोडं वर घे." शिवगंगा खिडकीतून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली.

ती गेल्यापासून दिवसभरात बोलायला कोणी नसतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

रविवार, २ फेब्रुवारी

मल्लेश येऊन गेला. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, शाहूपुरीत गुळाचं दुकान आहे. त्याने बेत सांगितला. लिलावात तो स्वतः उतरणार. दुसरं कोणी आलं नाही तर राखीव किमतीच्या थोडं वर घर त्याला मिळेल. खाली आम्ही दोघं राहायचं, वरचा मजला तो भाड्याने देणार आणि कर्ज फेडणार.

"पर दुसरा आला तर माझी उडी तेवढीच हाय, काका," तो म्हणाला. "दुकानावर उचलायला लागलंय. तवा दुसरा कोण यायलाच नगं."

"बघायला कोण आलं तर?"

"येऊ द्यात. दार उघडायचं आणि हितं खुर्ची टाकून गप बसायचं. काय विचारलं तर बँकेला विचारा म्हणायचं. टाकी गळती म्हणून सांगितलं तर लईच झ्याक."

"टाकी गळत नाही."

"मला ठावं हाय न्हाय गळत. आणि चहापाणी काय करायचं न्हाय. तुमची सवय हाय ती."

"पाणीसुद्धा नाही?"

"पाणीसुद्धा न्हाय."

मी बरं म्हटलं. पोराने आमच्यासाठी दुकान पणाला लावलंय, एवढं तर माझ्याकडून व्हायलाच हवं. संध्याकाळी शिवगंगाला बेत सांगितला. तिने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मी तीनच पातळं आणलीत. बाकीची कपाटात आहेत तशीच राहू देत."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

शेजारचे जोतीराम सावंत रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला बरोबर असायचे. पाटी रंगवल्यापासून ते उलट्या बाजूने फेरी सुरू करतात. त्यामुळे आम्ही रोज एकदा समोरासमोर येतोच. आज ते म्हणाले, "थंडी कमी झाली." मी म्हटलं, "झाली." पुढे गेलो.

त्यांना माझ्याकडून काही उसनं मागितलं जाईल अशी भीती असावी. माझ्या मनात तसं नाही, पण हे त्यांना आपण होऊन कसं सांगायचं?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दारावरची बेल चालते का पाहिली. चालते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दोन खोल्यांत दोन रेडिओ लावून ठेवतो. एकावर बातम्या, दुसऱ्यावर गाणी. स्वयंपाकघरात उभं राहिलं की दोन्ही ऐकू येतात आणि बाहेर कोणीतरी बोलत बसलंय असं वाटतं. शिवगंगाने फोनवर ऐकलं आणि विचारलं, "कोण आलंय?" रेडिओ म्हटल्यावर जेवलात का विचारलं.

परवा नाही तेरवा पाहणी. जाळी काढली, फरशी पुसली. मल्लेश म्हणाला असता, कशाला पुसता? पण आपल्या घरात माणसं येणार म्हटल्यावर फरशी तशी कशी ठेवायची.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पाहणीचा पहिला दिवस. दहाला देसाई येऊन फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. मीही अंगणात बसलो, मल्लेशने सांगितल्याप्रमाणे.

साडेदहाला इचलकरंजीचा एक एजंट आला. पांढरे बूट, कानात फोन. दार उघडून दिलं आणि गप्प बसलो. तो बूट घालूनच आत गेला, पाच मिनिटांत बाहेर आला, भिंतीवर थाप मारली आणि गेला. मला काहीच विचारलं नाही. मल्लेशला कळवलं, "एक आला, गेला. मी बोललो नाही." त्याने अंगठा पाठवला.

मग दुपारपर्यंत कोणी नाही. देसाई जेवायला गेले. तेवढ्यात कागलची मंडळी आली. विजयसिंह म्हणून दूध वाहतुकीचे टेम्पो असलेला चाळिशीचा माणूस, त्याची बायको पूर्णिमा आणि आई. आईला सगळे आक्का म्हणतात. पाय दुखतात म्हणून त्या गाडीतून उतरल्या तशा पायरीवरच टेकल्या आणि मला म्हणाल्या, "पाणी द्या की जरा, पावणं. घसा पार वाळून गेला."

पाणी मागितल्यावर काय करायचं हे मल्लेशने सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण विचारल्याशिवाय द्यायचं नाही असा त्याचा अर्थ असावा. तांब्या भरून आणला, बरोबर गुळाचा खडा.

"पाणी गोड हाय की," आक्का म्हणाल्या. "बोअरचं?"

"बोअरचं. मे महिन्यातसुद्धा कमी होत नाही."

"घर तुमीच बांधलंसा व्हय?"

आता याचं उत्तर बँकेला विचारा असं देता येत नाही. मी बांधलं म्हटलं. मग त्यांनी हॉलमध्ये खांब कसा नाही ते विचारलं. श्रावणी सोमवारी आमच्याकडे पंगत बसायची, मध्ये खांब आला की वाढणाऱ्याची अडचण होते, म्हणून वडिलांनी स्लॅबची बीमच जाड घ्यायला लावली होती. हे सांगितलं. पूर्णिमाबाईंना स्वयंपाकघराची खिडकी आवडली. सकाळी नऊपर्यंत तिथे दिवा लावावा लागत नाही हे सांगितलं. पाण्याच्या टाकीचं विजयसिंहांनी विचारलं. ती टाकी मी स्वतः उभं राहून ओतून घेतली आहे. गळते असं तोंडातून येईना. एक थेंब नाही म्हटलं.

गच्चीवर आक्का येणार नव्हत्या. मीच म्हटलं, जिन्याच्या पायऱ्या मी आईसाठी कमी उंचीच्या केल्या होत्या, हळूहळू चला. कठड्याला धरून आल्या. वर गेल्यावर त्यांना टाकीच्या बाजूच्या कोपऱ्यात नेलं, कारण तिथूनच नीट दिसतं. "तो बघा जोतिबाचा डोंगर."

आक्कांनी डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग हात जोडले आणि अगदी हळू म्हणाल्या, "चांगभलं." माघात पाचही रविवार कागलवरून येऊन त्या जोतिबाला चालत जायच्या. गुडघे गेल्यापासून चार वर्षं हे खेटे चुकलेत. "पोराला म्हणती, गाडीनं नको नेऊस. गाडीनं गेल्यालं देवाला पटत न्हाय. हितनं मातर दिसतोय की रोज."

"रोज दिसतो. संध्याकाळी तर देवळाकडचे दिवेसुद्धा." खालून खुर्ची आणून दिली.

विजयसिंह तेव्हापासून एकदम गप्प झाले. बहुतेक गच्ची त्यांना आवडली नसावी. फक्त एकदा विचारलं, "मागच्या प्लॉटवर कोणी मजलं चढवलं तर डोंगर झाकंल न्हवं?" जोतीरामांना मूलबाळ नाही, ते काही बांधणार नाहीत, हे मी त्यांना सांगितलं.

चहा झाला. देसाई आले तेव्हा आम्ही हॉलमध्ये बसलो होतो आणि आक्का सून कशी मिळाली त्याची गोष्ट सांगत होत्या. पूर्णिमाबाई मध्येच म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्ही मला बघायला आला तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या म्हशीच जास्त बघितल्या." सगळे हसले. या हॉलमध्ये कोणी हसून किती दिवस झाले असतील.

जाताना आक्कांनी माझा फोन नंबर मागितला. दिला.

संध्याकाळी शिवगंगाला सांगितलं, आक्कांना गच्चीवर नेलं तेही.

"पाणी दिलंत?"

"मागितलं तर देणारच."

"आणि?"

"गूळ. मग चहा."

"साखर होती का घरात?"

"होती."

"कपबशा कुठल्या काढल्यात?"

"वरच्या फळीवरच्या."

"त्या काढल्यात," ती म्हणाली. प्रश्न नव्हता. मग थोड्या वेळाने, "मल्लेशला काय सांगितलंत?"

"तिघं आली होती, बघून गेली म्हणून."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मंडळी आज पुन्हा आली. मला वाटलंच होतं, म्हणून सकाळी उप्पीट करून ठेवलं होतं. रवा जरा जास्त भाजला गेला, पण खाल्लं सगळ्यांनी. आक्का म्हणाल्या, "गड्यामाणसाच्या हाताला एवढी चव? बायकू नशिबवान हाय."

विजयसिंहांबरोबर आज एक इंजिनिअर होता. त्याला ड्रेनेजची लाइन कुठून गेलीय ते दाखवलं. त्याला सापडलं नसतं, कारण तुळशीच्या कट्ट्याखालून जाते. कट्टा न फोडता झाकण कसं काढायचं तेही दाखवलं. तो म्हणाला, "असं घर दाखवणारा मालक मी पहिल्यांदा बघतोय." चांगला मुलगा आहे.

आक्का पुन्हा गच्चीवर बसून होत्या. मी जवळ गेलो तर म्हणाल्या, "तुमास्नी हे सोडून जायचं जिवावर येत आसंल."

मी म्हटलं, "पुतण्या आहे माझा. देवाच्या मनात असेल तर जायला लागणार नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जाताना विजयसिंह एवढंच म्हणाले, "बघू." गाडी वळेपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. मग आत येऊन बशा धुतल्या. सहा बशा. शिवगंगा गेल्यापासून पाहणी सुरू होईपर्यंत एका वेळी दोनपेक्षा जास्त धुतल्या नव्हत्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. पूजा केली, उपवास धरला. संध्याकाळी मल्लेश केळी घेऊन आला. त्याला पाहणीचं सविस्तर हवं होतं. इचलकरंजीच्या एजंटाचं सांगितलं. कागलच्या मंडळींचंही सांगितलं, पण थोडक्यात. पाण्याचा विषय काढला नाही. उगाच चिडला असता. तो म्हणाला, "एजंट लोक भाव पाडूनच घ्येत्यात. त्येची भीती न्हाय. काका, तुमी बोलला न्हाईसा हे ब्येस झालं."

मी फार बोललो का, असं मधूनच वाटतं. पण बोलण्याने घर विकलं जातं असं थोडंच आहे. फौंड्रीत गिऱ्हाइकांशी मी इतकं बोलायचो, तरी ऑर्डर गेल्याच.

मंगळवार, ४ मार्च

अनामत भरायची मुदत आज पाचला संपली. देसाईंनी सहाला फोनवर सांगितलं: दोन जणांनी भरली आहे. एक मल्लेश. दुसऱ्याचं नाव ते सांगू शकत नाहीत.

मल्लेशला सांगितल्यावर नक्की दोन का, असं त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "त्यो पांढऱ्या बुटाचा आसंल." मलाही तसंच वाटतं. ज्यांना खरंच घ्यायचं असतं ते जास्त बोलत बसत नाहीत. कागलची मंडळी तर दोन दिवस निवांत गप्पा मारून गेली.

शिवगंगाला सांगितलं. ती म्हणाली, "कोण असेल?" मी म्हटलं, "एजंट." ती "हं" म्हणाली आणि फोन शिवांजलीकडे दिला. शिवांजली म्हणाली, "अप्पा, मागची खोली मी झाडून ठेवलीय. लागेल न लागेल." कशाला झाडायची आत्तापासून, असं मनात आलं. बोललो नाही.

गुरुवार, ६ मार्च

घर गेलं.

दुकानात लाइट जात होती म्हणून मल्लेश लॅपटॉप घेऊन इथेच बसला. अकराला सुरू झालं. पडद्यावर नावं नसतात, बोलीदार एक आणि बोलीदार दोन एवढंच. मल्लेश एक. पहिला अर्धा तास दोन नंबर हललाच नाही. मल्लेश म्हणाला, "भ्यालाय वाटतं." मी चहा ठेवला. चहा गाळत असताना तो आतून म्हणाला, "आला रं."

नंतर एकाने वाढवायचं, दुसऱ्याने वाढवायचं, असं चाललं. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ पुन्हा पाच मिनिटं वाढते. मल्लेशने शर्टाची वरची दोन बटणं सोडली. "ह्यो येडा हाय काय? एवढी किंमत न्हाय गल्लीत कुठल्या घराला." एकदा बाहेर जाऊन बायकोला फोन केला. आत येऊन आणखी एकदा वाढवलं. पाच मिनिटं संपायला थोडं राहिलं असताना दोन नंबर पुन्हा वर गेला.

मल्लेशने हात मांडीवर ठेवले.

"अजून एकदा?" मी विचारलं.

"काका, दुकानबी जाईल."

मग आम्ही दोघं आकडे उतरताना बघत बसलो. शेवटी पडद्यावर एक हिरवी पट्टी आली. मल्लेशने लॅपटॉप मिटला नाही. म्हणाला, "माझ्याकडनं झालं तेवढं केलं." त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो माझ्यापेक्षा जास्त थकलेला दिसत होता. चहावर साय धरली होती, तसाच प्यालो.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी आठला फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"अण्णा, मी कागलची आक्का. वळखलंसा न्हवं? तुमचं घर आमास्नी लागलं बघा."

बसलो.

"पोरगा मागं सरत हुता," त्या सांगत होत्या. "किंमत लई चाललीया म्हणाला. मी म्हटलं, घरं काय धा मिळतील. पर ज्या माणसानं एवढ्या जिवानं घर दावलं, त्येच्या घरात खोट असायची न्हाय. आणि म्हातारीला डोंगर दिसतोय रोज. सोडू नगंस म्हटलं. तुमास्नी वाईट वाटलं आसंल, अण्णा. पर तुमी येत जावा. गच्चीवर खुर्ची तुमचीच हाय."

बरं म्हटलं. अभिनंदन म्हणायचं का ते कळेना, तेही म्हटलं.

मल्लेश काल इथे राहिलेले लिलावाचे कागद न्यायला दहाला आला, तेव्हा त्याला सांगितलं, एजंट नव्हता, कागलची माणसं निघाली. घर जिवानं दावलं असं आक्का म्हणाल्या, तेवढंही सांगितलं. तो पिशवी हातात धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "काका, तुमी चहा लई चांगला करतासा." आणि गेला. काल साय धरलेला चहा प्यायला होता, तरी असं म्हणाला. पोरगं मनाने मोठं आहे.

दुपारी शिवगंगाला फोन केला. नाव सांगितलं. मागे शिवांजलीचा कुकर शिट्टी देत होता.

"त्यांना गच्चीवर नेलं होतं, ते मल्लेशला माहीत आहे?"

"नाही. त्याचा काय संबंध?"

"काही नाही. सांगू नका."

"बरं."

"माणसं कशी आहेत?"

"चांगली आहेत. म्हातारी फार बोलते."

"मग तुमचं जमलं असेल," ती म्हणाली. तिच्या आवाजात काय होतं ते मला नीट कळलं नाही. रडत नव्हती. "मी उद्या येते. कपाट मी आवरणार. तुम्ही पातळांना हात लावू नका, घड्या मोडता."

देसाईंनी चारला कळवलं की घर घेणाऱ्यांनी पहिला हप्ता भरला. बाकीची रक्कम भरायला त्यांना पंधरा दिवस आहेत. ती भरली की किल्ली द्यायची. तोवर घर कोणाचं, म्हणून विचारलं. कागदावर बँकेचं, म्हणाले, राहायला तुम्हीच. त्यानंतर निपाणी.

शिवगंगाची बस सकाळी साडेनऊपर्यंत पोचेल. मी नऊलाच स्टँडवर जाऊन थांबणार आहे. संध्याकाळी मंडईत गेलो आणि मेथी, दोडका, वांगी असं बरंच घेतलं. नेहमीच्या भाजीवालीने पिशवीकडे बघून विचारलं, "पावणं आल्यात व्हय?"

म्हटलं, उद्या येणार आहेत. पंधरा दिवस राहतील.